बर्फ वितळला तरी चव न उतरणारा आइस्ड हर्बल टी, आपल्या परसातून

पणजीच्या किंवा मडगावच्या एखाद्या कॅफेत बसून थंडगार हर्बल टी मागवला की उंच ग्लास येतो. वर पातळ फेस असतो, आत लालभडक रंग आणि काठोकाठ बर्फ. शेवटच्या घोटापर्यंत त्याची चव उतरत नाही. तोच चहा घरी करायला गेले की पहिले दोन घोट बरे लागतात आणि पुढे नुसते रंगीत पाणी उरते. मग आपण समजतो की त्यांच्याकडे काहीतरी खास पाकीट असणार. पाकिटात फारसे काही नसते. फरक पडतो तो अर्क किती दाट काढला, बर्फावर ओतताना तो किती थंड होता आणि तो कसा घुसळला यामुळे. या तीन गोष्टी हाताशी आल्या की गवती चहा, जास्वंद, गोकर्ण, सोले (आमसुले), पुदिना यांतून कॅफेच्या तोडीचा ग्लास घरात तयार होतो. ही सामग्री आपल्या गोव्यात दारात नाहीतर शेजाऱ्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-मसाल्याच्या बागेत, मिळतेच.

यात चहाची पत्ती नाही, त्यामुळे कॅफीनही नाही. संध्याकाळी सातला प्यायले तरी झोप उडत नाही आणि मुलांनाही देता येतो. घरी करायला मला हे कारण पुरेसे वाटते.

आधी बर्फाचा हिशेब

कृतीच्या आधी हे समजून घ्या, कारण घरचा आइस्ड टी बहुतेक वेळा इथेच बिघडतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता शोषतो. एक ग्रॅम पाणी एका अंशाने थंड करायला एक कॅलरी काढून घ्यावी लागते. म्हणजे ८० अंशांचा २५० मिली गरम चहा शून्यापर्यंत आणायचा तर सुमारे २५० ग्रॅम बर्फ वितळून जातो. जितका चहा तितकेच पाणी त्यात मिसळले. चव निम्म्यावर आली तर नवल नाही.

तोच चहा आधी खोलीच्या तापमानाला, म्हणजे आपल्याकडे ३० अंशांच्या आसपास आणला तर साधारण ९५ ग्रॅम बर्फ वितळतो. फ्रिजमध्ये ठेवून ५ अंशांवर आणला तर जेमतेम १५-१६ ग्रॅम. फ्रीझरमधला बर्फ शून्याच्याही खाली असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमी येतात, पण मुद्दा तोच राहतो. थंड करण्याचे काम फ्रिजला करू द्या, बर्फाला फक्त गारवा टिकवू द्या.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. दुप्पट दाट अर्क काढायचा, तो झटपट निववून फ्रिजमध्ये टाकायचा आणि प्यायच्या वेळी तितक्याच गार पाण्यात मिसळून बर्फावर ओतायचा. अगदीच घाई असेल तर गरम अर्क थेट ग्लासभर बर्फावर ओता, पण मग वेगळे पाणी घालू नका. वितळलेला बर्फ हेच तुमचे पाणी. कॅफेतही गर्दीच्या वेळी कोणी पातेले उकळत बसत नाही. काढलेला अर्क जगमध्ये भरून तयार असतो.

पाणी आणि बर्फ

पाणी ओपाच्या नळयोजनेचे असो, साळावली धरणाचे असो की घरच्या विहिरीचे, ते उकळूनच घ्या. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर झाकण न ठेवता उकळले की बराचसा जातो. हर्बल चहाला पत्तीचा कडकपणा नसतो, त्यामुळे पाण्याचा वास त्यात लपत नाही.

बर्फासाठीही हेच उकळून निवलेले पाणी वापरा. आपल्या फ्रीझरमध्ये बांगडे, सुंगटे, वाटलेले नारळाचे वाटण सगळे शेजारी-शेजारी असते आणि उघड्या ट्रेमधला बर्फ ते वास ओढून घेतो. गवती चहाच्या ग्लासात बांगड्याची झाक आली तर सगळी मेहनत फुकट. बर्फ घट्ट झाला की खडे काढून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. खडे मोठे हवेत, कारण बारीक बर्फ लवकर वितळतो. मोठा ट्रे नसेल तर स्टीलच्या छोट्या वाट्यांत पाणी गोठवा, अगदी छान खडे निघतात. मासळीवर घालायचा कारखान्याचा बर्फ मात्र कितीही स्वच्छ दिसला तरी ग्लासात घालू नका.

काय घ्यायचे, कुठून घ्यायचे

गवती चहा हा या सगळ्याचा कणा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुडी मिळतेच, पण परसात एक ठोंब लावला तर वर्षभर पुरतो. पावसाळ्यात तो इतका माजतो की कापून वाळवून ठेवावा लागतो. बहुतेक जण फक्त हिरवी पात घेतात आणि बुंध्याचा पांढरट भाग टाकून देतात. सुगंधी तेल तिथे भरपूर असते. बुंधा धुवून बत्त्याने ठेचा. पहिल्या ठोक्याला फक्त साल फाटते. दुसऱ्या-तिसऱ्याला आतले गुलाबीसर पदर मोकळे होतात आणि लिंबाच्या सालीसारखा वास नाकापर्यंत येतो. तो वास आला की थांबा, लगदा करायची गरज नाही. पातीच्या कडा धारदार असतात, म्हणून गाठ मारताना बोटे जपा.

लाल रंग आणि आंबट चव हवी असेल तर दोन मार्ग आहेत. कॅफेतल्या लाल हर्बल चहात बहुधा लाल अंबाडीची वाळवलेली बोंडे असतात. दुकानात ती ‘हिबिस्कस टी’ या नावाने मिळतात. आपल्या आमटीत पडणाऱ्या अंबाड्याच्या फळाशी त्यांचा संबंध नाही. बियांचा गोळा काढल्यावर उरणारी ही फुलाच्या तळाची मांसल लाल दले असतात, पाकळ्या नव्हेत. परसात झाड असेल तर पावसाळा सरल्यावर ती धरतात, तेव्हा वाळवून ठेवा.

दुसरा मार्ग म्हणजे आपली देवाला वाहायची पाच पाकळ्यांची लाल जास्वंद. तिला आंबटपणा जवळजवळ नसतो, पण रंग सुंदर सुटतो. पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की पाणी आधी मळकट जांभळे होते आणि बघणाऱ्याला वाटते की बिघडले. ते निवल्यावर त्यात लिंबाचे चार थेंब पिळा. ज्या जागी थेंब पडतो तिथून लाल रंग पसरत जातो आणि क्षणात सगळे भांडे माणकासारखे उजळते. आंबटपणा वाढला की पाकळ्यांतले रंगद्रव्य रंग बदलते. गोकर्णाच्या निळ्या फुलांतही असेच होते, फक्त तिथे निळ्याचे जांभळे होते. फुले वापरताना हिरवा देठ आणि मधला तुरा काढून टाका, नाहीतर गवताळ चव येते. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाची किंवा रस्त्याकडेची फुले घेऊ नका. कीटकनाशक आणि धूळ धुऊन पूर्ण जात नाही.

सोले म्हणजे गोव्याचे स्वतःचे आंबट. पावसाच्या तोंडावर पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, बाजारात चांगली काळी, लवचीक सोले मिळतात. मीठ लावलेली असतील तर आधी कोमट पाण्यात खळबळून घ्या. दालचिनी, वेलची, जायफळ यांसाठी फोंडा तालुक्यात सावईवेरे, केरी या बाजूला कोणी ओळखीचे असेल तर उत्तमच. कुळागरातली ताजी दालचिनी आणि दुकानातली वर्षभर पडलेली दालचिनी यांत फार फरक आहे. आले, तुळस, पुदिना, बडीशेप यांबद्दल वेगळे काय सांगायचे?

अर्क काढणे

सगळे एकदम पातेल्यात टाकून खळखळ उकळणे ही आपली चहाची सवय. इथे ती सोडावी लागते. पुदिना दहा मिनिटे उकळला की पालेभाजी शिजवल्याचा वास येतो आणि रंग तपकिरी होतो. उलट आले आणि दालचिनी नुसती गरम पाण्यात बुडवून ठेवली तर काहीच उतरत नाही. म्हणून जिन्नस तीन टप्प्यांत टाका.

खाली दिलेले प्रमाण एक लिटर तयार चहाचे, म्हणजे चार ग्लासांचे आहे. त्यासाठी साधारण ५०० मिली अर्क हाती लागला पाहिजे. उकळताना आटते आणि पाला पाणी धरून ठेवतो, म्हणून सुरुवात ६५० मिली पाण्याने करा.

पातेले स्टीलचे घ्या. सोले, लिंबू, अंबाडीची बोंडे आंबट असतात, म्हणून तांबे, पितळ किंवा अॅल्युमिनियमचे भांडे नको. पाणी उकळले की कठीण जिन्नस टाका. ठेचलेले आले, दालचिनी, वेलची, बडीशेप आणि गवती चहाचा ठेचलेला बुंधा यांत येतो. झाकण ठेवून मंद आचेवर ८-१० मिनिटे. झाकण विसरू नका. गवती चहाचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो आणि मग घरभर घमघमाट सुटतो, पण ग्लासात काही उरत नाही.

मग गवती चहाची पात गाठ मारून टाका, दोन मिनिटे मंद उकळी द्या आणि गॅस बंद करा. आता फुले आणि कोवळा पाला. अंबाडीची बोंडे, जास्वंद, गोकर्ण, तुळस, पुदिना हे सगळे बंद गॅसवर, झाकणाखाली. पाला आणि पाकळ्यांना पाच मिनिटे पुरतात, अंबाडीच्या बोंडांना सात-आठ. ती अर्धा तास विसरली तर अर्क इतका आंबट होतो की कितीही साखर घातली तरी घसा धरतो. वेळ झाली की लगेच गाळा. गाळताना पाला चमच्याने हलका दाबा, पिळू नका. पिळला की गढूळपणा आणि कडवटपणा दोन्ही उतरतात.

हा अर्क चाखला तर तो खूप तीव्र वाटला पाहिजे. गरम असताना प्यायला ‘बरोबर’ लागला तर समजा की थंड झाल्यावर फिका लागणार. थंड पदार्थाची गोडी आणि वास दोन्ही कमी जाणवतात.

आता निववणे. पातेले थंड पाण्याने भरलेल्या परातीत ठेवा, मधूनमधून ढवळा, परातीतले पाणी एकदा बदला. पंधरा-वीस मिनिटांत अर्क कोमट होतो. मग झाकून फ्रिजमध्ये, किमान दोन तास. मे महिन्यात ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी फ्रिजमध्ये टाकण्याचा आळस करू नका, आपल्या दमट उकाड्यात तो आंबतो. बरणी उन्हात ठेवून चहा काढायची एक पद्धत दाखवतात, तीही मी करणार नाही. ऊन पाणी कोमट करते, निर्जंतुक करत नाही, आणि पाल्यावरच्या जंतूंना ते कोमट पाणी फार मानवते.

माझी तीन मिश्रणे

पहिले लाल. कॅफेच्या चवीच्या सगळ्यात जवळचे हेच. अंबाडीची वाळलेली बोंडे १५ ग्रॅम, गवती चहाचे दोन बुंधे आणि पाच-सहा पाती, बोटाच्या पेराएवढी दालचिनी. अर्धे सफरचंद सालीसकट पातळ कापून दालचिनीबरोबरच टाका. त्याने आंबटपणाला गोल चव येते. सफरचंदाऐवजी पिकलेल्या अननसाचे चार तुकडे घातले तर मला ते अधिक आवडते. बोंडे नसतील तर जास्वंदीची दहा-बारा फुले घ्या आणि आंबटपणासाठी थंड अर्कात एका मोठ्या लिंबाचा रस घाला. लिंबू गरम अर्कात पिळू नका, त्याचा ताजेपणा जातो.

दुसरे हिरवे. गवती चहाच्या दहा पाती, तीन बुंधे, २० ग्रॅम आले, ओंजळभर पुदिना, सात-आठ तुळशीची पाने. यातला निम्माच पुदिना गरम अर्कात जातो. उरलेला ग्लास घुसळताना ताजा टाकायचा, त्यानेच नाकाला पुदिना कळतो. चिमूटभर मीठ घाला, कडवट कड मऊ होते. उन्हातून आलेल्या माणसाला द्यायचे असेल तर माझे मत याच ग्लासाला.

तिसरे सोलांचे. २० ग्रॅम सोले कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चुरा. वेगळ्या ४०० मिली पाण्यात दोन लवंगा, बडीशेप एक चमचा आणि एक बुंधा गवती चहा उकळून गाळा. मग दोन्ही एकत्र करा. याला साखरेपेक्षा माडाचा गूळ शोभतो. त्या गुळाची काळसर, धुरकट चव लाल मिश्रणात सगळे झाकून टाकते, पण सोलांच्या बरोबर ती जागेवर बसते. हे सरबत नाही, म्हणून जिरे-मिरे, हिंग असले काही नको.

गोकर्णाला स्वतःची चव जवळपास नाही. पाहुण्यांसमोर रंगांचे थर दाखवायचे असतील तेव्हाच तो घ्या. दहा-बारा फुले ५०० मिली गरम गवती चहात पाच मिनिटे, गाळून गार. ग्लासात तळाशी पाक आणि लिंबाचा रस, वर काठापर्यंत बर्फ, मग निळा चहा बर्फावरून चमच्याच्या पाठीवर हळूहळू ओता. पाक जड असल्याने खाली राहतो, मध्ये जांभळा पट्टा तयार होतो आणि वर निळा. या ग्लासात पाणी मिसळायचे नाही आणि तो घुसळायचाही नाही.

पाक

थंड चहात साखर विरघळत नाही, तळाशी जाऊन बसते. म्हणून पाक आधी करून ठेवा. साखर आणि पाणी सारख्या वजनाने, २०० ग्रॅमला २०० मिली. साखर विरघळेपर्यंतच गरम करा, तार बघायची नाही. निवल्यावर स्वच्छ कोरड्या बाटलीत, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. पोह्याच्या नव्हे, १५ मिलीच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९ ग्रॅम साखर जाते. लाल मिश्रणाच्या ग्लासाला दोन चमचे, हिरव्याला एक पुरतो. माडाचा गूळ पाण्यात वितळवून फडक्यातून गाळा, त्यात गाळ असतोच.

मध वापरायचा तर तोही कोमट पाण्यात पातळ करून घाला, नाहीतर बर्फावर पडला की गोळा होतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेला चहा चाखायलाही देऊ नका.

ग्लास भरणे

हा भाग दोन मिनिटांचा, पण कॅफेचा थाट इथेच येतो. घट्ट फिरकीच्या झाकणाची बरणी किंवा स्टीलची बाटली घ्या. त्यात १२५ मिली गार अर्क, १२५ मिली गार पाणी, पाक, हवा तर लिंबू आणि चार-पाच बर्फाचे खडे. बरणी निम्मी-पाऊण भरली पाहिजे, वर मोकळी जागा हवी. झाकण तळहाताने दाबून धरा आणि १०-१५ सेकंद जोरात हलवा. बर्फाचा खणखणाट मंद झाला आणि बरणीवर दव जमले की झाले. उंच ग्लासात नवा बर्फ भरा आणि फेसासकट वर ओता.

गरम अर्क कधीही झाकण लावून हलवू नका. आत वाफेचा दाब तयार होतो आणि झाकण उडून हात भाजतो. फेसाळ सोडा हवा असेल तर १२५ मिली पाण्याच्या जागी तो घ्या, पण हलवून झाल्यावर ग्लासात वरून ओता. हिरवे मिश्रण आणि सोडा ही जोडी मला फार आवडते. दूध मात्र लाल किंवा सोलांच्या चहात घालायचा विचारही नको, लगेच फाटते.

चव बसली नाही तर

फिका लागला तर पाक वाढवू नका, मिसळायचे पाणी कमी करा. गोड पण सपाट लागला तर लिंबाचे चार थेंब. कडवट लागला तर पाला जास्त वेळ राहिला किंवा पिळला गेला. या खेपेला मिठाची चिमूट चालवून घ्या, पुढच्या वेळी घड्याळ लावा. गढूळ दिसला तर पातळ सुती फडक्यातून पुन्हा गाळा. चवीत फरक नसतो, पण काचेच्या ग्लासात स्वच्छ रंग सुंदर दिसतो.

औषधी वनस्पती म्हणून सगळे निरुपद्रवी असते असे नाही. अंबाडीची बोंडे रक्तदाब थोडा उतरवतात, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी रोज ग्लासभर पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर बायकांनी ती टाळावीत आणि गवती चहाही दाट अर्काच्या रूपात घेऊ नये. गोडीसाठी कोणी ज्येष्ठमध घालायला सुचवतात. ते रोज घेतले तर रक्तदाब वाढवते, म्हणून मी ते या चहात घालत नाही.

साठवण

गाळलेला अर्क काचेच्या बाटलीत, फ्रिजच्या आतल्या बाजूला तीन दिवस चांगला राहतो. दारातल्या कप्प्यात नको, दार उघडझाप होऊन तिथे तापमान चढउतार होते. पाणी मिसळलेला चहा त्याच दिवशी संपवा. ताज्या पुदिन्याचा किंवा फळाच्या फोडी घातलेला चहा तर काही तासांतच. बाहेर काढलेला जग दोन तासांपेक्षा जास्त टेबलावर ठेवू नका. वास बदलला, बुडबुडे आले किंवा तार धरल्यासारखा वाटला तर चाखून न बघता ओतून द्या.

चतुर्थीला किंवा घरात कार्य असताना वीस-पंचवीस ग्लास लागतात तेव्हा अर्क आदल्या दिवशी काढून ठेवा आणि त्यातलाच थोडा अर्क निम्मे पाणी घालून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. मोठ्या जगमध्ये साध्या बर्फाऐवजी हे रंगीत खडे टाकले की ते वितळले तरी चहाच वाढतो, पाणी नाही. लाल खडे लाल चहात आणि हिरवे हिरव्यात, एवढे सांभाळले की दुपारच्या जेवणानंतर शेवटच्या पंगतीलाही पहिल्यासारखाच ग्लास जातो.